बाटलीत नेमकं काय होतं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय डोक्यात मे महिन्यापासून घोळतोय, पण मुहूर्त लागत नव्हता. आज लागला.

मे महिन्यात कळंबला गेलो होतो. (आमचं कळंब म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मंचर सोडलं की नारायणगावच्या अलीकडे लागतं ते. मराठवाड्यातलं नाही आणि यवतमाळकडचंही नाही. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं!) पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतात, त्याची गडबड चालू होती. तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, गाय धरली होती. डॉक्टर टोचून पुढच्या गोठ्याकडे गेले आणि तात्या माझ्याकडे वळले.

"तू एवढा शिकलायस, मला सांग, ह्या बाटलीत असतंय तरी काय?"

"मेलेले जंतू असतात, तात्या."

"घटसर्पाचेच?"

"हो, त्याचेच."

"मग मेलेल्याला काय घाबरायचं? आन् घाबरायचं तर त्याच्या कशाला घाबरायचं? शेपटाला का डोक्याला?"

मी हसलो. पण पुण्याला परत येताना गाडीत लक्षात आलं की तात्यांनी विचारलेला प्रश्न हा लसींच्या इतिहासातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आणि त्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई-पुण्यातच घडलाय. म्हणून हा लेख. तात्या स्वतः वाचणार नाहीत, पण काकू त्यांना वाचून दाखवतील याची खात्री आहे.

आमच्या मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला जमिनीचा एक तुकडा आहे. त्याला घरात अजून 'खोपटाचा तुकडा' म्हणतात. तिथे आता खोपट वगैरे काही नाही, कांदा असतो. आजी सांगायची की तिच्या सासूच्या काळात प्लेग आला की गावातलं घर बंद करून सगळे तिथे खोपट घालून राहायचे. घरात उंदीर पडला की निघायचं. भांडीकुंडी, दाणे, गुरं, पोरं घेऊन रानात. 'गाठीचा ताप' म्हणायचे त्याला. जांघेत नाहीतर काखेत गाठ आली की माणूस चार-पाच दिवसांचा सोबती.

यात मला नेहमी नवल वाटतं ते हे, की लोकांना कारण माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आठ-दहा वर्षं गेली. पण पडलेल्या उंदरापासून लांब जायचं, हे गावांना आधीच कळलं होतं.

लसीचंही अगदी तसंच झालं. कारण कळायच्या आधी उपाय सापडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतलं. हाफकिन मूळचे ओडेसाचे, जन्म १८६०चा, ज्यू. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचत फिरत होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स.

त्यांची कृती एखाद्या घरगुती पदार्थासारखी वाटते. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. हो, आपलं तूपच! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीची टोकं लोंबतात तसे. अधूनमधून बाटली हलवायची की ते तळाशी पडायचे आणि वर नवे वाढायचे. साधारण सहा आठवडे असं चालायचं. मग बाटली तासभर ६५ ते ७० अंशांवर तापवायची, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, की लस तयार.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचलं. न टोचलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले आणि ६ गेले. टोचलेल्या १४७ जणांत दोघे आजारी पडले, गेला कुणीच नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात तर एकाच घरातल्या काहींना टोचलं आणि काहींना नाही. प्लेग शिरलेल्या २८ घरांत न टोचलेले ६४ होते, त्यातले २६ गेले. टोचलेले ७१ होते, त्यातले तिघे गेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसं ही. आकडे वाचताना त्या घरांतली जेवणाची पंगत डोळ्यापुढे येते आणि पुढे वाचवत नाही.

पुण्यातला १८९७ म्हटला की आपल्याला रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. ते बरोबरच आहे. पण त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरला ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता, तिथे त्या सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं आणि त्यांनाच प्लेग झाला. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतलं त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. बाटली मुंबईत होती, सावित्रीबाई हडपसरला होत्या. मधलं अंतर फार नव्हतं, तरी ते वेळेत पार झालं नाही.

हडपसर हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता तात्यांचा प्रश्न. हाफकिन यांच्या बाटलीत नेमकं काय होतं? खरं उत्तर असं की सगळंच होतं. जंतूंची प्रेतं, त्यांनी रसात सोडलेली विषं, रसातला उरलासुरला मसाला. हाफकिन यांचा कयास होता की जंतूचं शरीर आणि त्याने सोडलेले पदार्थ दोन्ही हवेत. यातलं कुठलं शरीराला शहाणं करतं, हे शोधायचं साधनच तेव्हा नव्हतं. म्हणून सगळं टोचायचं. त्यामुळे ताप यायचा, हात सुजायचा, दोन दिवस माणूस पडून राहायचा. हातावर पोट असलेल्यांनी टोचून घ्यायला कां कूं केली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

शरीर परक्याला ज्या खुणेवरून ओळखतं त्या खुणेला अँटिजेन म्हणतात, मराठीत प्रतिजन. एका जंतूच्या अंगावर अशा शेकडो खुणा असतात. पण सगळ्या उपयोगी नसतात. मळ्यात राखणीला बसलेल्या माणसाला चोराचं पागोटं ओळखायला शिकवलं तर चोर उद्या पागोटं बदलून येईल. त्याची चाल ओळखायला शिकवलं तर ती त्याला बदलता येणार नाही. चांगली लस शोधणं म्हणजे जंतूची 'चाल' शोधणं.

प्लेगच्या जंतूची ती खूण सापडायला हाफकिन यांच्यानंतर पन्नासएक वर्षं लागली. १९३२ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शुत्झ यांनी दाखवलं की या जंतूला एक बाहेरचं कवच असतं आणि कवचाचा अँटिजेन वेगळा, आतल्या शरीराचा वेगळा. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कार्ल मायर यांच्या गटाने तो कवचाचा पदार्थ वेगळा काढून शुद्ध केला. त्याला आज एफ-वन म्हणतात. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये बरोज यांना दुसरा सापडला, तो व्ही अँटिजेन.

यातली सगळ्यात गंमतीची गोष्ट अशी की हे कवच तापमानावर अवलंबून असतं. जंतू पिसवेच्या पोटात असतो तेव्हा गारवा असतो, कवच नसतं. माणसाच्या अंगात, ३७ अंशांच्या उबेला आला की तो कवच चढवतो. म्हणजे बाटली किती उबदार जागी ठेवली यावर लसीतला मुख्य पदार्थ कमीजास्त होणार! ग्रँट मेडिकल कॉलेजच्या त्या खोलीत मुंबईच्या हवेवर सहा आठवडे ठेवलेल्या बाटल्यांत कवच किती असेल, हे त्या हवेवरच अवलंबून होतं. कुणाला कल्पनाही नव्हती.

तरी त्या बाटल्यांनी माणसं वाचवली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं.

पण न कळता केलेल्या कामाची किंमतही द्यावी लागते. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मलकोवाल गावी १०७ लोकांना टोचलं. पाच बाटल्या वापरल्या. त्यातल्या ५३-एन नंबरच्या बाटलीतून ज्यांना टोचलं ते १९ जण धनुर्वाताने गेले. सगळेच्या सगळे. मागणी वाढल्यामुळे परळला लस बनवायची पद्धत थोडी बदलली होती आणि कार्बोलिक घालणं बंद केलं होतं. चौकशी आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचं काम काढून घेतलं. गावात बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुराव्यात होतं, पण तिकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. ते कलकत्त्याला परत आले, पण आधीसारखं काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ते वारले.

धनुर्वात म्हटलं की आमच्या घरात एक गप्पपणा येतो. आजीला आम्हाला माहीत असलेली पाच मुलं. त्याआधीची दोन आम्हाला माहीत नव्हती. एकदाच, आत्याच्या बाळंतपणाच्या वेळी, तिने सांगितलं. दोन्ही मुलं चांगली रडत जन्मली होती. सातव्या-आठव्या दिवशी दूध ओढेनाशी झाली, जबडा बसला, अंग धनुष्यासारखं ताठलं आणि गेली. "सटवाईनं कपाळावर तेवढंच लिवलं होतं," एवढंच ती म्हणाली. नाळ कशाने कापली होती हे मी मोठा झाल्यावर विचारणार होतो. विचारलं नाही ते बरंच झालं. तिला उत्तर माहीत होतं असं मला वाटतं.

धनुर्वाताच्या बाबतीत 'कशाला घाबरायचं' याचं उत्तर फार लवकर मिळालं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की संरक्षण मिळतं ते रक्त जंतूने सोडलेलं विष निष्प्रभ करतं म्हणून. म्हणजे खूण जंतूच्या अंगावर शोधायचीच नाही, विषच ओळखायला शिकवायचं. पण विष टोचणार कसं? १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये गास्टों रामों यांनी युक्ती काढली. विषात थोडं फॉर्मॅलिन घालून ते काही आठवडे उबेत ठेवलं की त्याचा दंश जातो, रूप मात्र तेच राहतं. हे टॉक्सॉइड. गरोदर बाईला हे टोचलं की तिच्या रक्तातलं संरक्षण नाळेतून बाळाला मिळतं. आत्याला ते मिळालं, आजीला मिळालं नव्हतं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं मान्य केलं. पेपरात ती बातमी लहानशी आली होती. मला मात्र त्या दिवशी आजीची फार आठवण झाली.

आता परत हडपसरला जाऊ.

परळच्या हाफकिन संस्थेत धनुर्वातावरचं सीरम घोड्यांच्या रक्तातून काढत. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पुण्याच्या पूनावाला यांच्या स्टडफार्मवरून तिथे जायचे. त्यातूनच सायरस पूनावाला यांना सुचलं की सीरम आपणच का करू नये, आणि १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोविशील्डमुळे ते नाव आता घरोघरी झालं, पण माझ्या मते त्यांची मोठी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची आहे.

मेंदूज्वराचा एक जंतू आहे, मेनिंगोकोकस. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात त्याच्या 'ए' गटाच्या साथी यायच्या. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले. या जंतूची खूण माहीत होती. त्याचं कवच साखरेच्या रेणूंच्या लांब माळांचं असतं. पण दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेला जुमानत नाही. ओळखतच नाही म्हणा ना. मोठ्यांतही ती ओळख फार दिवस टिकत नाही. यावरचा उपाय असा की साखर एखाद्या प्रथिनाला जोडायची. प्रथिन शरीर चटकन ओळखतं आणि त्याच्या पाठीवर बसलेली साखरही मग लक्षात ठेवतं.

मोठ्या कंपन्यांना आफ्रिकेला परवडेल अशा किमतीत हे करण्यात रस नव्हता. हडपसरने ते अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत करायचं कबूल केलं. मेनआफ्रिव्हॅक नावाची ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचली. त्या पट्ट्यातून 'ए' गट जवळजवळ नाहीसा झाला. मग बाकीच्या गटांनी डोकं वर काढलं, तर ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची लसही तिथूनच आली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियात ती सुरू झाली.

आणि 'ए' गटाची ती साखर ज्या प्रथिनाच्या पाठीवर बसवली, ते प्रथिन कुठलं माहितीये? धनुर्वाताचं टॉक्सॉइड! मलकोवालच्या १९ जणांना ज्याने मारलं, आमच्या आजीची दोन मुलं ज्याने नेली, तेच विष दंश काढून घेतल्यावर दुसऱ्यांच्या मुलांना वाचवायला ओझं वाहतंय. तेही सावित्रीबाई जिथे त्या पोराला पाठीवर घेऊन आल्या त्या हडपसरमधून. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आलो.

अजून सगळी उत्तरं मिळालेली नाहीत. मेनिंगोकोकसच्या 'बी' गटाची साखर आपल्याच शरीरातल्या साखरेसारखी दिसते, त्यामुळे ती खूण वापरता येत नाही. तिथे इटलीतल्या रीनो रॅपुओली यांच्या गटाने उलटीकडून सुरुवात केली. जंतूची सगळी जनुकं वाचली, संगणकावर त्यातून बाहेरच्या अंगावर असतील अशी प्रथिनं निवडली, साडेतीनशेच्या आसपास प्रयोगशाळेत बनवून उंदरांवर तपासली आणि शेवटी त्यातली तीन लसीत घेतली. २००० साली हे काम प्रसिद्ध झालं, लसीला युरोपात मान्यता मिळाली २०१३ मध्ये. म्हणजे सगळं पुस्तक समोर उघडं असूनही योग्य ओळ शोधायला बारा-तेरा वर्षं लागली. आणि प्लेग? १९९४ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी आणि मग सुरतला तो परत दिसलाच की. आज त्यावर प्रतिजैविकं आहेत म्हणून निभावतं. एफ-वन आणि व्ही मिळून केलेल्या नव्या लसींच्या चाचण्या मात्र अजून चालूच आहेत.

परवा रविवारी तात्यांना फोन केला. म्हटलं, "तात्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. बाटलीत सगळा जंतू असतो, पण शरीर घाबरतं ते त्याच्या कवचाला वगैरे. आणि गंमत म्हणजे प्लेगचा जंतू आणि गुरांच्या घटसर्पाचा जंतू पूर्वी एकाच कुळातले धरायचे."

तात्या जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी खोपटात पळत व्हतो ते ह्याच्या भावकीला भिऊनच म्हण की."

मी म्हटलं, "हो, तसंच."

"आन् आईची ती दोन पोरं?"

मी सांगितलं. टॉक्सॉइडचं, आत्याचं, आफ्रिकेचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. आजीच्या त्या दोन मुलांबद्दल तात्यांना माहीत होतं, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. त्यांचे थोरले भाऊ ते.

"बरं केलंस सांगितलंस," म्हणाले आणि मग नेहमीसारखे पावसावर आले.

असो. तुमच्याही घरात कुणी प्लेगात रानात राहिल्याच्या, कुणी टोचून घ्यायला घाबरल्याच्या गोष्टी असतील. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा. मी आजीला विचारायचं राहून गेलो.